डावी कळी

मनीषनगरात आमच्या बिल्डिंगच्या फाटकाशी उन्हाळ्यात रोज संध्याकाळी एक बाई गजरे घेऊन बसते. तिच्यासमोरून जायची वेळ आली की मी रस्ता ओलांडते, पलीकडून चार पावलं चालते आणि पुन्हा अलीकडे येते. शेजारच्या बाया एकमेकींना सांगतात, शोभाताईंना मोगऱ्याची ॲलर्जी आहे. सांगू देत. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी आयुष्यभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली. तिथे मला एक गोष्ट पक्की कळली, की लोकांना एखादं सोपं कारण दिलं की ते पुढचं काही विचारत नाहीत. पण आता आई नाही, बाबा नाहीत, मामा तर कधीचाच गेला. ज्यांच्यापासून लपवायचं ते सगळे निघून गेले, तर मग वहीत तरी खरं लिहायला काय हरकत आहे?

तेव्हा आम्ही गांधीबागेत राहायचो. कापडाच्या एका ठोक दुकानाच्या माडीवर दोन खोल्या होत्या, एकीत स्वयंपाक आणि दुसरीत बाकीचं सगळं. बाबा खालच्या दुकानातच गादीवर बसून गिऱ्हाइकांना कापड दाखवायचे. आमच्या घराला कोऱ्या कापडाच्या खळीचा वास होता. कपडे, गाद्या, आईच्या हातची पोळीसुद्धा त्याच वासाची लागायची, असं निमाताई म्हणायची आणि आई तिच्या पाठीत धपाटा घालायची. सकाळी हातगाड्यांचा खडखडाट सुरू व्हायचा, मग हमालांची ‘बाजू, बाजू’, आणि त्यानंतर दिवसभर कापड फाडल्याचा आवाज. कडेला कात्रीनं छोटा छेद द्यायचा आणि दोन्ही हातांनी एका झटक्यात सरळ फाडायचं, चर्रर्र! बाबांनी फाडलेल्या कापडाची कड सुतासारखी सरळ असायची. त्या आवाजात मी पाढे पाठ केले, त्या आवाजात झोपले, जेवले. आजही कुठं जुनी चादर फाडली की मला भूक लागते. वेडेपणा आहे, पण आहे.

निमाताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. माझी ती ताई, पण मी तिला एकटीनं कधी ताई म्हटल्याचं आठवत नाही; लोकांसमोर निमाताई, घरात नुसती ‘निमे’. ती मॅट्रिक झाली होती आणि मास्तरीण व्हायचा तिनं ध्यास घेतला होता. माडीच्या जिन्यावर बसून ती हमालांच्या पोरींना अक्षरं गिरवायला लावायची आणि चुकलं की कान धरायची. माझेही धरायची. तिचा हात थंड असायचा, भर उन्हाळ्यातसुद्धा. नागपूरचा मे महिना काय असतो ते ज्याला माहीत आहे, त्यालाच त्या थंड हाताची किंमत कळेल. मी मुद्दाम चुका करायचे.

दर चैत्रात आम्ही एक दिवस किल्ल्यात जायचो. कुहीपर्यंत एसटी आणि तिथून मामाची बैलबंडी. भोसल्यांच्या काळातला तो किल्ला तसा फार मोठा नाही. इतिहासाच्या पुस्तकात त्याला दोन ओळीही मिळाल्या नसतील. तटबंदी दोन बाजूंनी ढासळलेली, दरवाज्यावर लोखंडी खिळे, आणि आत पाऊल टाकलं की समोर एकदम फुलबाग. चार चौकोन, मधून दगडी पाट, एका कोपऱ्यात मोठी बाव, म्हणजे विहीर. चौकोनात गुलाब, शेवंती, कण्हेर, तटाच्या कडेनं सोनचाफा, आणि बावेच्या बाजूचा अख्खा चौकोन मोगऱ्याचा. माझा गोविंदमामा तिथला माळी. त्याच्याआधी त्याचा बाप, त्याच्याआधी आजा. राजे गेले, इंग्रज आले, इंग्रज गेले, सरकार आलं, माळी तेच राहिले. मामाला याचा भारी ताठा होता. ‘किल्ला कोणाचाही राहो गा, बाग आपलीच,’ असं तो बाबांना दरवर्षी सांगायचा आणि बाबा दरवर्षी हसायचे.

मोगऱ्याच्या चौकोनात, बावेच्या कठड्याला लागून एक गुडघाभर उंचीचा दगड होता, शेंदूर लावलेला. तिला बागमाय म्हणायचे. वर्षातून त्या एका दिवशी आसपासची माळ्यांची घरं तिच्यासमोर जमायची. गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजायचे, घट्ट वरण, वांग्याची तिखटजाळ भाजी, आणि रोडगा फोडून त्यावर तुपाची धार. तो धुराचा, भाजलेल्या कणकेचा आणि मोगऱ्याचा एकत्र वास! पण खरं काम असायचं कौलाचं. ज्याच्या घरी काही अडलं असेल, त्यानं बागमायला विचारायचं. मोगऱ्याच्या दोन सारख्या कळ्या घ्यायच्या, पाटाच्या पाण्यात भिजवायच्या आणि दगडाच्या दोन खांद्यांवर नुसत्या पाण्यानं चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होय, डावी आधी पडली तर नाही. कळ्या लावायच्या त्या कुमारिकेनं. न्हाण न आलेली, मोठी न झालेली पोरगीच पाहिजे. दुसऱ्या कोणाच्या हाताचा कौल बागमाय देत नाही.

लागोपाठ चार वर्षं ती पोरगी मी होते. काय मान होता माझा! नवा परकर मिळायचा, पहिला रोडगा माझ्या पानात पडायचा. एरवी ज्या बाया मला ‘हो वं बाजूला’ म्हणून ढकलायच्या, त्या माझा हात दगडाजवळ गेला की श्वास रोखून बसायच्या. कोणाची गाय सापडेल का, कोणाच्या सुनेला दिवस जातील का, कोणी शेत विकावं का, सगळं माझ्या बोटांतून जायचं. घरी मी धाकटी, बिनकामाची, निमाच्या जुन्या कपड्यांची वारसदार. तिथे मी कोणीतरी होते. हे सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

त्या बागेचा आणखी एक नियम होता. बारा ते दोन बागेत कोणी जायचं नाही. ती राणीची वेळ. कुठल्याशा राजानं डोंगरातून आणलेली राणी, तिनं ही बाग लावली आणि ती किल्ल्याबाहेर पुन्हा कधी गेली नाही, एवढंच मामा सांगायचा. भर दुपारी ती पाटाच्या कडेनं फिरते, म्हणे. आता मला कळतं, टळटळीत उन्हात पाणी दिलं की मुळं उकडतात, म्हणून कोण्या शहाण्या माळ्यानं पोराबाळांना धाक घातला असेल. पण तेव्हा बारा वाजले की आम्ही सगळे दरवाज्यातल्या देवडीच्या थंड ओट्यावर जाऊन पडायचो. जुन्या पहारेकऱ्यांची ती जागा. तिथून बाग उन्हात पांढरी पडलेली दिसायची, पान हलायचं नाही. मी डोळे किलकिले करून बघायचे. कधी काही दिसलं नाही. तोपर्यंत तरी नाही.

मी तेरा वर्षांची होते त्या चैत्रात निमाला स्थळ आलं. मुलगा मास्तर, कुहीच्याही पलीकडे, नदी ओलांडून आडगावी शाळा, घरची धानाची शेती. माणसं बरी होती. आजही मी त्यांना वाईट म्हणणार नाही. पण निमाच्या हातात मास्तरणीच्या ट्रेनिंगचा फॉर्म होता, शाईनं भरलेला, फक्त बाबांची सही राहिली होती. बाबा म्हणाले, पोरीच्या मनाप्रमाणं होऊ द्या. आई म्हणाली, असं स्थळ पुन्हा येईल का? आठवडाभर घरात हाच घोळ. शेवटी आईनंच तोड काढली. ‘बागमायले विचारू,’ ती म्हणाली. ‘ती नाही म्हणन तर मी पुन्हा त्या स्थळाचं नाव काढणार नाही. पण ती हो म्हणन तर निमे, तू तोंड वाकडं करायचं नाही. बोल, कबूल?’ निमा कबूल झाली. आम्ही माळ्याच्या पोरी. बागमायचा कौल मोडायचा असतो, हे आम्हाला कोणी शिकवलंच नव्हतं.

आणि किल्ल्यात जायच्या बरोबर बारा दिवस आधी मला कावळा शिवला होता. पोटात दुखलं, परकराला डाग दिसला, मी समजले. निमाला दर महिन्याला कोपऱ्यात बसलेली पाहत होतेच की! सांगावं तर त्या वर्षीचा मान गेला, आणि तोही निमाच्या कौलाचा. निमाचं सगळं ज्यावर ठरणार, त्या दगडाला माझ्याऐवजी मामाची चार वर्षांची शेंबडी सुली हात लावणार? मी कोणाला बोलले नाही. आईचं जुनं लुगडं ट्रंकेतून काढलं आणि खाली दुकानात कापड फाडायची वाट बघत बसले. खाली चर्रर्र झालं की वर मी फाडायची, म्हणजे आवाज ऐकू जाणार नाही. चार वेळा खाली, चार वेळा वर. केवढी हुशार समजत होते मी स्वतःला.

किल्ल्यात पोचलो तेव्हा सकाळची उन्हं नुकती तटावरून उतरत होती. बायांनी गोवऱ्या रचल्या होत्या. मी कळ्या निवडायला मोगऱ्यात शिरले आणि निमा माझ्या मागोमाग आली. पाटाशी वाकून मी कळ्या भिजवत होते. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या मनगटावर आपला थंड हात ठेवला.

‘शोभे, डावी थोडी कोरडी ठेवजो वं.’

‘काहून?’

‘काहून काय विचारतं? मले नाही जाचं तिकडं. मले ट्रेनिंगले जाचं आहे. तू नुसती परकराले पुस, कोणाले दिसणार नाही.’

‘बागमाय रागावली म्हणजे?’

‘माह्यावर रागावन ना. तुह्यावर काहून रागावन? तू तर लेकरू आहे.’

लेकरू! मी तिला तिथंच सांगायला हवं होतं, की निमे, मी लेकरू नाही, माझा हात चालत नाही, हा कौलच खोटा आहे. सांगितलं असतं तर ती उड्या मारत देवडीपर्यंत गेली असती. पण मी भ्याले. एक पाप करून त्या पाटाशी बसले होते, त्यात दुसरं कसं करू? तेराव्या वर्षी माझा हिशेब असा होता, की निदान कळ्या तरी खऱ्या लावाव्या, म्हणजे बागमाय पहिलं पाप माफ करेल. मी तिला म्हटलं, ‘बरं.’ आणि दोन्ही कळ्या सारख्याच बुडवल्या. पाण्यात धरून मनातल्या मनात दहापर्यंत मोजलं, एक इकडची नाही की तिकडची नाही.

दगडाजवळ गेले. आई निमाच्या मागे उभी होती, तिचे दोन्ही हात निमाच्या खांद्यावर. मी आधी उजवी लावली, मग डावी, आणि मागे सरले. निमा माझ्याकडे बघून किंचित हसली. तिला वाटत होतं, डावी कोरडी आहे. तेवढ्यात उजवी कळी सुटली, शेंदरावरून घसरली आणि खाली पडली. डावी तशीच. किती तरी वेळ तशीच. मामा ओरडला, ‘होय दिला! मायनं होय दिला!’ बायांनी एकच गलका केला. निमानं पुन्हा माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता हो. राग असता तर मी कधीच मोकळी झाले असते. तिला वाटलं, कोरडी ठेवूनसुद्धा डावी पडली नाही, म्हणजे बागमायलाच हे पाहिजे आहे. ती खाली वाकली, दगडाला डोकं टेकवलं आणि देवडीत जाऊन बसली. त्या दिवशी मला पहिला रोडगा मिळाला आणि मी तो खाल्ला.

वैशाखात लग्न झालं. मी तिला खरं काय ते सांगितलं नाही. दिवाळीला आली तेव्हाही नाही. तिच्या सासरी एक पोरांची शाळा होती आणि तिचा नवरा तिला तिथं मधूनमधून पहिलीच्या वर्गावर बसू द्यायचा, हे तिनं मला फार कौतुकानं सांगितलं. दुसऱ्या वर्षी तिला दिवस गेले. सातव्या महिन्यात कावीळ झाली. पावसाचे दिवस, नदीला पूर, बंडी पलीकडे जाईना. त्यांनी दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी पूर उतरला. निरोप गांधीबागेत दुकानावर आला. बाबा कोणाला तरी कापड दाखवत होते. ते अर्धं फाडलेलं कापड हातात घेऊन तसेच जिना चढून वर आले आणि आईसमोर उभे राहिले. आम्ही पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी माझ्या निमाला शेवटचं पाहिलंसुद्धा नाही.

पुढच्या चैत्रात आई मला घेऊन पुन्हा किल्ल्यात गेली. आता सुली कळ्या लावायची. मी मोठी झाल्याचं सगळ्यांना माहीत होतं. निमाच्या लग्नानंतर महिन्याभरानं मी घरी सांगितलं होतं, जणू आत्ताच झालं. दुपारी सगळे देवडीत पेंगले. मला झोप येईना. आईचा हात माझ्या अंगावर होता, तो मी हळूच बाजूला केला आणि बागेत गेले. बारा वाजून गेले होते. पायाखालची फरशी चटके देत होती म्हणून मी पाटाच्या कडेकडेनं चालले. मोगऱ्याच्या चौकोनाशी निमा पाठमोरी उभी होती. लग्नातलं मोतिया रंगाचं पातळ, वेणी मोकळी सोडलेली. ती वाकून पाण्यात हात बुडवत होती. मी ‘निमे’ अशी हाक मारली. तिनं वळून पाहिलं नाही. पण तिचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला, अगदी जिन्यावर पोरींना शिकवायची तसा: ‘कोरडी ठेवली होती ना वं?’

पुढचं मला आठवत नाही. मी धावले म्हणतात, उंबऱ्याशी पडले म्हणतात. तीन दिवस तापानं फणफणले. आईनं तळपायांना कांदा चोळला, कैरीचं पन्हं पाजलं, लोकांना सांगितलं, पोरीला ऊन लागलं. लागलंही असेल. मी विज्ञानाच्या विरोधात नाही. माझा मंदार इंजिनिअर आहे, त्याच्यासमोर भुताचं नाव काढलं तर तो मला डॉक्टरकडे नेईल. पण मी काय ऐकलं ते मी ऐकलं. त्यानंतर किती तरी वर्षं, भर दुपारी, एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावलेला असताना, दोन बोलण्यांच्या मधल्या शांततेत मला तोच प्रश्न ऐकू यायचा. मी उत्तर द्यायची, मनात. नाही ठेवली, निमे. आणि हातही विटाळलेला होता. दोन्ही माझंच. लग्न झालं, मंदार झाला. तो पोटात असताना सातवा महिना लागला तेव्हा मी रोज रात्रीचं जेवण सोडलं होतं, शिक्षा म्हणून. शिकलेली बाई, नोकरी करणारी, आणि बागमायला घाबरून उपाशी! कोणाला सांगायची सोय नव्हती. किल्ल्याचं नाव काढलं की मी उठून स्वयंपाकघरात जायची.

बाबा गेल्यावर आई माझ्याकडे मनीषनगरला राहायला आली. नव्वदीला टेकली होती, कान तिखट, जीभ त्याहून तिखट. एका उन्हाळ्यात तिनं हट्टच धरला, मला किल्ला दाखव. म्हटलं, काय ठेवलंय तिथं? ‘माह्या बापाची बाग आहे,’ ती म्हणाली. आठ दिवस तिनं माझ्याशी बोलणं टाकलं. शेवटी मंदारनं गाडी काढली. मी डब्यात पोळ्या आणि वांग्याची भाजी भरली.

आता तिथं तिकीट आहे. दरवाज्याला नवा रंग, पाटातून पाइपचं पाणी, आणि गुलाबांच्या चौकोनात फोटो काढायला पत्त्यांतल्यासारखा लाल रंगाचा मोठा बदाम. माळी सगळे ठेकेदाराचे, एकाही फुलाचं नाव धड सांगता येईना. बागमायभोवती लोखंडी जाळी बसवली आहे, हात लावू नये असा फलक आहे. मोगरा मात्र होता. मी दुरून पाहिला. मंदार फोटो काढायला तटावर गेला आणि मी आईला तिच्या चाकांच्या खुर्चीसकट देवडीत नेऊन बसवलं. बारा वाजायला आले होते. समोर बाग हळूहळू पांढरी होत होती. मग आई सहज, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तशी म्हणाली,

‘शोभे, त्या वर्षी तुले कावळा शिवला होता.’

मी गर्रकन तिच्याकडे वळले.

‘काय पाहतं अशी? मले माहीत होतं. लुगडं पाह्यलं ना मी ट्रंकेतलं. दुकानात फाडते तसं फाडलं होतं तू, कडेले छेद देऊन, सरळ. बापाची पोर. उंदरानं कुरतडलेलं काही असं नसते.’

‘आणि तरी तू मला कळ्या लावू दिल्या?’

‘म्हणूनच लावू दिल्या,’ आई म्हणाली. ‘मी त्या लोकायले शब्द देऊन बसली होती वं. तुह्या बाबाच्या छातीत दुखायचं. डॉक्टरनं मले एकटीले सांगितलं होतं, सांभाळा. मले वाटलं, हे गेले तर दोन पोरी घेऊन मी काय करू? एक तरी उजवली पाह्यजे. कौल उजवा पडला तर काही प्रश्नच नव्हता. आन् डावा पडला असता, तर मी तिथंच सगळ्याइसमोर सांगणार होती, की पोरगी मोठी झाली, तिचा हात चालत नाही, हा कौल धरू नका. मग सुलीच्या हातानं लावला असता. तोही डावा पडला असता, तर आणखी काही. मी ठरवूनच आली होती.’

बाबा त्यानंतर पस्तीस वर्षं जगले. दोघींनाही ते एकदमच आठवलं असणार. मी त्या थंड ओट्यावर बसले. म्हणजे मी डावी कोरडी ठेवली असती तरी निमा गेलीच असती. मी खरं बोलले असते तरी गेलीच असती. माझा विटाळ, माझी भीती, माझे उपास, कशाकशाचा काही संबंध नव्हता. सगळं आधीच ठरलं होतं आणि हिला माहीत होतं, त्या तापात माझे तळपाय चोळत होती तेव्हाही माहीत होतं! मला एवढा राग आला, की तिच्या खुर्चीचे दांडे धरून तिला गदागदा हलवावं. जन्मभर तू मला का बोलली नाहीस? एवढंच विचारायचं होतं. पण ती माझ्याकडे बघत नव्हती. ती बागेकडे, पाटाच्या कडेकडे बघत होती, आणि कोणाला उत्तर द्यावं तसे तिचे ओठ हलत होते. मला एकदम कळलं, की इथं दुपारी काही ऐकणारी मी एकटीच नव्हते.

‘तू लहान होती, तुले काय आठवत असन,’ ती म्हणाली. ‘पण तू तिच्यासंगं झोपायची. कोणाले सांगतलं असन तर तुलेच सांगतलं असन तिनं. खरं सांगजो. ती खुशीनं गेली होती ना वं? कौल पडल्यावर तिनं डोकं टेकलं, मी पाह्यलं. तिच्या मनात होतं ना? का नव्हतं?’

हे जगात फक्त मला माहीत होतं. पाटाशी झालेलं ते बोलणं बावेनं आणि मी ऐकलेलं, तिसऱ्या कोणी नाही. तो थंड हात, ते ‘मले नाही जाचं तिकडं.’ ते तिच्या पदरात टाकलं असतं तर माझा हिशेब एका क्षणात फिटला असता. जिभेच्या टोकावर आलं होतं, देवाशपथ आलं होतं.

‘खुशीनं गेली, आई,’ मी म्हटलं. ‘तिला मास्तर आवडला होता. मला म्हणाली होती.’

‘म्हणाली होती?’

‘हो. इथंच. त्या पाटाशी.’

आईनं मोठा श्वास सोडला. मग पदरानं तोंड पुसलं, खुर्चीत नीट सावरून बसली आणि म्हणाली, ‘काढ मग डबा. भूक लागली.’ मी डबा उघडला, तिच्या मांडीवर रुमाल पसरला. उन्हात बाग पांढरीफटक झाली होती आणि मी तिकडे पाठ करून बसले होते. आईनं दोन पोळ्या खाल्ल्या, वर आणखी अर्धी मागून घेतली. मी माझी पोळी डब्यात तशीच ठेवली.